शिकारी रायफल : हिंगोली–पैनगंगा परिसर

मोठ्या वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी वापरण्यात येणारी, नळीच्या आतील पृष्ठावर सर्पिल खाचा असलेली बंदूक म्हणजे शिकारी रायफल. या खाचांमुळे गोळीला स्वतःच्या अक्षाभोवती फिरकी मिळते आणि ती हवेत न डगमगता दूरवर जाते. नळीच्या अंतर्व्यासास कॅलिबर म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत तो इंचाच्या दशांश अपूर्णांकात सांगतात, उदा., ·३०३ म्हणजे ७·७ मिमी. व ·४५० म्हणजे ११·४ मिमी. जुन्या, रुंद नळीच्या बंदुकांसाठी ‘बोअर’ हे निराळे माप होते. एक पौंड शिशातून नळीत बसतील अशा जितक्या गोळ्या होतील, तितक्या बोअरची ती बंदूक. म्हणून १२ बोअरची शिशाची गोळी सु. ३८ ग्रॅ. भरते व ८ बोअरची ५७ ग्रॅ. बोअरचा आकडा लहान, तितकी गोळी मोठी, हे ध्यानात न घेतल्याने जुनी शिकारवर्णने वाचताना पुष्कळदा घोटाळा होतो.

कोणत्या प्राण्यासाठी कोणती रायफल व कोणते कॅलिबर निवडावे, हा प्रश्न दख्खनच्या पठारावर सु. दीडशे वर्षे चर्चिला गेला. त्याचा इतिहास सामान्यतः यंत्रशास्त्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : नळी अरुंद होत गेली, वेग वाढत गेला व मारा लांबत गेला. हिंगोलीसारख्या एका ठरावीक प्रदेशापुरते पाहू लागल्यास मात्र हे चित्र पुरेसे वाटत नाही. येथे निवडीवर प्रभाव टाकणाऱ्या गोष्टी तीन होत्या : भूमीची ठेवण, कायदा आणि जखमी जनावराचे भय. यांपैकी तिसरीचा उल्लेख शस्त्रविक्रेत्यांच्या सूचिपत्रांत सहसा नसे.

*भूमी व प्राणी :* हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. उत्तरेस पैनगंगा नदी असून तिच्या पलीकडे वऱ्हाड आहे. अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडील फाटे सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी या भागांतून जातात. कयाधू व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांत काळी, सपाट, झाडी नसलेली जमीन आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने या एकाच मुलखात दोन जग होती. पैनगंगेच्या काठचे नाले, करवंदीच्या व बांबूच्या जाळ्या आणि सागाचे रान हे वाघ, बिबळ्या, अस्वल व सांबर यांचे जग. तेथे जनावर दिसते तेच वीस ते साठ पावलांवर. काळ्या रानातील ज्वारी-कापसाच्या शिवारांत काळवीट, चिंकारा व रोही म्हणजे नीलगाय यांचे वास्तव्य असे. तेथे जनावर अर्ध्या कोसावरून दिसते आणि तेही शिकाऱ्याला तितक्याच अंतरावरून पाहते. लांब पल्ल्याच्या रायफलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने या दुसऱ्या जगात उद्भवला.

बंदुकीपूर्वीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर एकच होते : अंतर तोडणे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या *मानसोल्लास* या ग्रंथात मृगयाविनोदाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात माणसाळवलेल्या हरणांच्या साह्याने रानातील हरणे जवळ आणण्याची युक्तीही येते. फासेपारधी जमिनीलगत फास मांडून हरणांना त्यांकडे वळवीत. चित्तेपारधी डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ नेऊन सोडीत. गाडी ही यातील महत्त्वाची गोष्ट. शेतात रोज बैलगाड्या पाहणारे काळवीट गाडीला बुजत नाही, पायी चालणाऱ्या माणसाला बुजते. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांनीही हीच रीत उचलली. गाडीच्या आडोशाने, चाकाबरोबर चालत, कळपाभोवती हळूहळू लहान होत जाणारी वर्तुळे काढीत जावयाचे आणि दोनशे-अडीचशे मीटरांचे अंतर शंभरावर आणावयाचे. लांब पल्ल्याच्या महागड्या रायफलीला या मुलखाने दिलेला हा सर्वांत स्वस्त पर्याय होय.

*ठासणीच्या बंदुकीपासून एक्स्प्रेसपर्यंत :* हिंगोली येथे १८१९ ते १९०३ या काळात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. निजामाच्या खर्चाने पोसलेली पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ही फौज औरंगाबाद, मोमिनाबाद (अंबाजोगाई), एलिचपूर, बोलारम इ. ठिकाणी विखुरलेली होती. छावणीच्या स्थापनेच्या वर्षीच, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीच्या नादात अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोहोचला, ही घटना सर्वश्रुत आहे. त्या वेळी त्याच्या पिढीच्या हाती सामान्यतः गारगोटीच्या चापाची, तोंडाकडून ठासण्याची बंदूक असे. बहुतेक बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत. अशा नळीतून सुटलेली गोल गोळी पन्नास-साठ मीटरांपलीकडे नेमकी कोठे जाईल, हे सांगता येत नसे. स्थानिक शिकाऱ्यांची तोड्याची बंदूक तर त्याहूनही जवळून चालवावी लागे. झाडावर किंवा पाणवठ्याच्या आडोशाला रात्रभर बसून, जनावर नळीच्या तोंडाशी आले म्हणजे तो बार काढी. त्याच्या या सबुरीला अनेक युरोपीय लेखकांनी भित्रेपणा म्हटले आहे. वस्तुतः आपल्या शस्त्राची मर्यादा त्याला नेमकी ठाऊक होती, एवढाच त्याचा अर्थ.

खाचांच्या नळीचा प्रसार १८३० नंतर वाढला. ब्रिटिश सैन्याच्या ब्रन्झविक रायफलीत दोन खोल खाचा व कंबरपट्ट्यासारखी कड असलेली गोळी होती; तिचे शिकारी अवतार हिंदुस्थानात आले. सिंधमध्ये जनरल जॉन जेकब (१८१२–५८) याने चार खाचांची, दोन नळ्यांची रायफल तयार केली आणि जेकबाबादच्या मैदानात मैलापलीकडील लक्ष्यांवर तिचे प्रयोग केले. लांब पल्ल्याचा हा हिंदुस्थानातील पहिला मोठा ध्यास. त्याच्या स्फोटक गोळ्या काही शिकाऱ्यांनी वाघावरही वापरून पाहिल्या. त्या कातडीखाली थोड्या खोलीवरच फुटत व जनावर जखमी होऊन निसटे.

या ध्यासाला सडेतोड उत्तर कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने दिले. मध्य प्रांतातील सेवेत असताना केलेल्या भ्रमंतीवरील त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण शिकारी रायफल व तिच्या गोळ्यांवरील त्याचे पुस्तक त्यापूर्वी, १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलेच आहे. (आघातावर पेटणाऱ्या चापाचा शोध लावणारा स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ हा वेगळा.) जेम्स फोर्सिथचा युक्तिवाद असा : रानात बार निघतो तो थोड्या अंतरावर. तेथे हजार मीटरांवरील अचूकपणाचा उपयोग नाही. शिकारी चुकतो तो नेमात नव्हे, अंतराच्या अंदाजात. म्हणून गोळीचा मार्ग जेवढ्या अंतरापर्यंत जवळजवळ सरळ राहील, तेवढीच रायफलीची खरी उपयुक्तता. यासाठी त्याने रुंद नळी, गोल गोळी, सावकाश फिरणाऱ्या उथळ खाचा आणि दारूचे भरपूर माप सुचविले. त्याची गोल गोळी पुढे मागे पडली. त्याचा युक्तिवाद मात्र आजही खरा आहे.

त्यामागील भौतिकी सोपी आहे. नळीतून बाहेर पडताच गोळी इतर कोणत्याही वस्तूप्रमाणे खाली पडू लागते. पाव सेकंदात ती सु. ३० सेंमी. खाली येते, अर्ध्या सेकंदात सु. १·२ मी. वेळ दुप्पट झाला की पडणे चौपट होते. म्हणजे लांब पल्ल्याचा प्रश्न मुख्यतः गोळीला लागणाऱ्या वेळेचा, अर्थात वेगाचा आहे. लंडनच्या जेम्स पर्डी याने १८५६ मध्ये हलकी गोळी व दारूचे मोठे माप यांचा मेळ घालून वेगवान रायफल बाजारात आणली व तिला आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस ट्रेन’ हे नाव दिले. पुढे ‘एक्स्प्रेस’ हे या जातीचेच नाव झाले. मागून काडतूस भरण्याची सोय झाल्यावर ·४५०, ·५०० व ·५७७ या कॅलिबरांच्या दुनळी एक्स्प्रेस रायफली हिंदुस्थानातील शिकाऱ्यांच्या आवडत्या झाल्या. सव्वाशे-दीडशे मीटरांपर्यंत त्यांची नेमपट्टी बदलावी लागत नसे.

दोष नव्हते असे नाही. वेग वाढविण्यासाठी गोळीच्या टोकाला पोकळी ठेवून ती हलकी केलेली असे. काळविटासारख्या ३५–४० किग्रॅ. वजनाच्या जनावरावर ती फार परिणामकारक ठरे. परंतु वाघाच्या खांद्याच्या जाड स्नायूंवर किंवा हाडावर ती पृष्ठभागाजवळच चुरा होई. सर सॅम्युएल बेकर याने ·५७७ मधून पोकळी नसलेली, शुद्ध व मऊ शिशाची भरीव गोळी वापरण्याचा आग्रह धरला तो याच कारणाने. दुसरा दोष काळ्या दारूचा. पहिला बार होताच पांढऱ्या धुराचा ढग समोर उभा राहतो आणि वाघ पडला, पळाला की चालून येतो आहे, हे काही क्षण कळतच नाही. वाऱ्याची झुळूक नसलेल्या एप्रिलच्या दुपारी हे क्षण लांबत. दुसरी नळी जवळ असूनही ती आंधळेपणाने झाडावी लागे.

*निर्धूम दारू व छोटे कॅलिबर :* पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये निर्धूम दारू सिद्ध केली. ब्रिटिशांचे कॉर्डाइट १८८९ चे. यामुळे एका पिढीत सर्व गणिते बदलली. जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची गोळी ३१ ग्रॅ. वजनाची व तिचा वेग सेकंदाला सु. ४१० मी. होता. नव्या ·३०३ ची गोळी १४ ग्रॅ. आणि वेग सु. ६१० मी. दोहोंची गतिज ऊर्जा जवळजवळ सारखीच, सु. २,६०० जूल, पण निम्म्याहून कमी वजनाच्या गोळीने ते अंतर दोन-तृतीयांश वेळात तोडले. सैन्यातल्या कोणाही अधिकाऱ्याला ·३०३ ची काडतुसे सहज मिळत असल्याने काळविटाच्या शिकारीत ती सर्वत्र रुळली. मऊ टोकाच्या गोळीचे काडतूस १८९७ च्या सुमारास कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात बनू लागले. युद्धात अशा गोळ्यांचा वापर १८९९ च्या हेग परिषदेने निषिद्ध ठरविला, शिकारीत मात्र तो रूढ झाला. लष्करी, पूर्ण कवचाची टोकदार गोळी हरणातून आरपार निघून जाते व जनावर मैलभर पळून कोठेतरी झुडपात मरते. त्यापेक्षा मऊ टोक दयाळू, असे शिकारी म्हणत आणि ते बरोबर होते.

येथेच लांब पल्ल्याचा मोह सुरू झाला. ·३०३ वर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा असलेली नेमपट्टी होती. काळ्या रानात उन्हाच्या झळा नाचत असतात, जमीन सपाट असल्याने मध्ये झाड ना झुडूप, आणि अंतराचा अंदाज घेण्यास काहीच आधार नसतो. समजा, शिकाऱ्याने काळवीट दोनशे मीटरांवर आहे असे धरून नेम घेतला आणि ते प्रत्यक्षात अडीचशेवर आहे. त्या काळच्या ·३०३ ची गोळी सु. ३० सेंमी. खाली लागेल. काळविटाच्या छातीचा मर्मभाग वीतभर रुंदीचा. तीस सेंटिमीटर खाली म्हणजे छातीखालून जमिनीत किंवा पुढच्या पायात. तीन पायांवर पळणारे काळवीट हे त्या काळच्या शिकारवर्णनांतील नित्याचे दृश्य आहे. घोड्यावरून त्याचा पाठलाग केल्याच्या कथा लेखक उत्साहाने सांगतात, पण पाठलाग करण्याची वेळ का आली, हे क्वचितच लिहितात. वेगवान, अरुंद कॅलिबरे ही याची खरी तोड होती. जर्मन ७ मिमी. माउझर काडतुसावर रिग्बी कंपनीने बेतलेली ·२७५, ऑस्ट्रियन मॅनलिकर ६·५ मिमी. म्हणजे ·२५६, आणि १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने आणलेली ·३७५ मॅग्नम या त्यांतील नामांकित. ·३७५ ची सु. १९ ग्रॅ. ची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरांहून अधिक वेगाने निघे. काळवीट, रोही, सांबर, वेळ पडल्यास वाघ, सर्वांना चालेल अशी एकच रायफल मागणाऱ्यास पुढील अर्धशतक हेच नाव सांगितले जाई.

*वाघ आणि जड कॅलिबर :* वाघाच्या बाबतीत प्रश्न उलटा होता. पैनगंगेच्या रानात उन्हाळ्यात नाले आटून पाण्याचे मोजके डोह उरत. त्यांजवळ रेडकू बांधून ठेवीत व वाघाने ते मारले की दुसऱ्या दिवशी दुपारी रान उठवीत. मचाणावरच्या शिकाऱ्यासमोर वाघ येई तो तीस-चाळीस मीटरांवर, बहुधा चालता किंवा धावता. तेथे गोळीच्या मार्गाची सरळता महत्त्वाची नव्हती. एकाच आघातात जनावर जागीच बसणे महत्त्वाचे होते. कारण ते बसले नाही तर पुढे काय, याचे उत्तर मचाणावर नव्हे, जमिनीवर द्यावे लागे. जमिनीवर हाकारे असत. ते आसपासच्या खेड्यांतील लोक; या भागात त्यांत आंध व बंजारा यांचाही भरणा असे. ढोल, डबे, काठ्या एवढीच त्यांची सामग्री. मजुरी काही आण्यांची, आणि निजामी अंमलातील वेठीच्या प्रथेत तीही मिळेलच असे नाही. पोटात गोळी लागलेला वाघ हाकाऱ्यांची ओळ फोडून मागे फिरला म्हणजे जो समोर येई तो बळी पडे. शिकारग्रंथांत अशा प्रसंगी शिकाऱ्याचे नाव येते, कॅलिबर येते, वाघाची लांबी इंचांत येते; हाकाऱ्याचे नाव बहुधा येत नाही.

कंटिंजंटमध्ये दीर्घकाळ नोकरी केलेला ब्रिगेडियर-जनरल आर. जी. बर्टन हा या प्रदेशाचा प्रमुख शिकारलेखक. त्याने १९०५ मध्ये कंटिंजंटचा इतिहास लिहिला. दख्खनमधील शिकार व वन्य जीवन यांवरील त्याचा ग्रंथ १९२८ मध्ये, नरभक्षकांवरील १९३१ मध्ये आणि वाघावरील १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पिढीने काळ्या दारूची एक्स्प्रेस आणि कॉर्डाइटची जड रायफल या दोन्ही हाताळल्या. रिग्बी कंपनीची ·४५० नायट्रो एक्स्प्रेस १८९८ मध्ये आली. तिची ३१ ग्रॅ. ची गोळी सेकंदाला सु. ६५५ मी. वेगाने जाई, म्हणजे मार्टिनी-हेन्रीच्याच वजनाच्या गोळीला आता सु. अडीचपट ऊर्जा मिळाली. वाघापुरता प्रश्न सुटला, असे वाटत असतानाच कायदा आडवा आला.

*कायद्याने ठरविलेले कॅलिबर :* १८५७ नंतर हिंदी लोकांच्या हातची शस्त्रे काढून घेण्याचे धोरण सुरू झाले व १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने त्याला कायम रूप दिले. त्याची एक अनपेक्षित परिणती गोऱ्या शिकाऱ्यांनाही भोगावी लागली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली ·४५० व्यासाच्या होत्या आणि त्या ठिकठिकाणी पसरलेल्या होत्या. शिकारीच्या नावाखाली आलेली ·४५० ची सामग्री बंडखोरांच्या कामी येईल, या भयाने सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सूदान येथे या कॅलिबरच्या आयातीस बंदी केली. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी लगोलग आडवाटा काढल्या. हॉलंडची ·४६५, लँगची ·४७०, जेफरीची ·४७५ क्रमांक दोन, वेस्टली रिचर्ड्‌सची ·४७६ अशी कॅलिबरांची एक रांगच उभी राहिली. या सर्वांची शक्ती जवळजवळ ·४५० एवढीच. ·४७० ची गोळी ३२ ग्रॅ., वेग तोच. व्यासातील एका मिलिमीटराहूनही कमी असलेला फरक वाघाला कळण्याचे कारण नव्हते. पुढे या आकड्यांच्या गुणावगुणांवर जी पांडित्यपूर्ण चर्चा झाली, तिच्यातील बराच भाग वस्तुतः जकात-चौकीने जन्माला घातलेला आहे.

हीच गोष्ट स्वातंत्र्योत्तर काळातही दिसते. लष्करी ·३०३ सामान्य नागरिकास वर्ज्य ठरल्यामुळे तिच्या जागी ·३१५, म्हणजे ८ मिमी., हे कॅलिबर आले. मूळचे ऑस्ट्रियन असलेले हे काडतूस बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने हिंदुस्थानच्या बाजारासाठी आधीच वापरात आणले होते. पुढे पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील सरकारी रायफल कारखान्याने ·३१५ शिकारी रायफल बनविली. १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील १९६२ चे नियम यांनी ‘निषिद्ध बोअर’ ही कोटी पक्की केली. मराठवाड्यात ज्याच्याकडे परवान्याची रायफल असे, त्याच्याकडे ·३१५ च का असे, याचे कारण क्षेपणशास्त्रात शोधणे व्यर्थ आहे.

*उष्मा :* या प्रदेशापुरता आणखी एक मुद्दा नोंदविणे अवश्य आहे. कॉर्डाइट तापमानास संवेदनशील असते. वाघाच्या शिकारीचा मोसम एप्रिल-मे महिन्यांचा. तेव्हा सावलीतच पारा ४० अंश सेल्सियसवर असतो आणि उन्हात पडलेल्या काडतुसाला हात लावता येत नाही. अशा काडतुसात दारू अधिक वेगाने जळते, नळीतील दाब वाढतो, काडतुसाचे कवच फुगून नळीच्या बुडाशी अडकते व दुसरे काडतूस भरता येत नाही. दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक भारासाठी जुळवलेल्या असल्याने दाब बदलला की दोन गोळ्या एका ठिकाणी पडत नाहीत. बंदूककारांनी यासाठी उष्ण देशांकरिता कमी दारूची काडतुसे काढली. रिग्बीची १९११ मधील ·४१६ ही मोठ्या कवचाची आखली गेली, त्यामागे दाब मर्यादेत ठेवण्याचा हेतू होता. विलायतेतील थंडीत अचूक ठरलेली रायफल हिंगोलीच्या वैशाखात तशीच वागेल, ही अपेक्षा चुकीची होती आणि जाणते शिकारी काडतुसांचा पट्टा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत.

*चुकलेल्या गोळीची किंमत :* जड कॅलिबर की हलके, हा वाद कधीच पूर्ण मिटला नाही. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने ·२७५ च्या भरीव गोळीने शेकडो हत्ती मारले. त्याला हत्तीच्या शरीररचनेचे सूक्ष्म ज्ञान होते व तो घाई करीत नसे; त्याचे अनुकरण करणाऱ्यांकडे यांपैकी बहुधा काहीच नसे. हिंदुस्थानात जिम कॉर्बेटनेही ·२७५ रिग्बी आयुष्यभर बाळगली. ती त्याला चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळाली होती. तिचे वजन साडेतीन किग्रॅ. च्या आत, तर ·४७० दुनळीचे पाचाच्या आसपास. डोंगर चढणाऱ्या माणसास हा फरक जाणवतो. पण खुद्द त्या वाघिणीची गोष्ट अधिक बोलकी आहे. कॉर्बेटने तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले पाहिले. ते पूर्वी कोणीतरी झाडलेल्या बंदुकीने मोडले होते. नैसर्गिक भक्ष्य धरता न आल्याने ती माणसांकडे वळली, असे त्याने लिहिले असून तिच्या बळींची संख्या ४३६ दिली आहे. तो पहिला बार कोणी, कोणत्या शस्त्राने, किती अंतरावरून काढला, हे इतिहासाला ठाऊक नाही.

कॅलिबरांच्या चर्चेत हे प्रकरण मध्यभागी असावयास हवे होते. दोनशे मीटरांवरून वाघावर ·३०३ झाडणारा शिकारी तंत्रदृष्ट्या अशक्य ते करीत नव्हता. गोळी पोहोचत होती. ती पोहोचल्यावर काय करील, हा विचार त्याने केलेला नसे. रायफलीचा पल्ला व शिकाऱ्याचा पल्ला या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दख्खनमधील अनुभवी शिकारी फोर्सिथपासून बर्टनपर्यंत थोड्या अंतरावर भर देत राहिले, ते या भेदाच्या जाणिवेमुळेच.

*उतरता काळ :* हिंगोलीची छावणी १९०३ मध्ये उठली. कंटिंजंटच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाल्या. पायदळाच्या वारशातून हैदराबाद रेजिमेंट व १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाली. शिकार थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीस निघालेल्या जीप गाड्या, त्यांवरील प्रखर दिवे आणि पीकसंरक्षणासाठी सढळपणे दिलेले बंदुकीचे परवाने यांनी अंतराचा प्रश्नच संपविला. दिव्याने दिपलेले काळवीट जागचे हलत नाही. तेथे कोणतेही कॅलिबर चालते. सूक्ष्म चर्चेने जे साधले नव्हते, ते दिव्याने साधले आणि दख्खनच्या काळ्या रानातील कळप दोन दशकांत विरळ झाले. चित्ता त्याआधीच गेला होता. देशातील शेवटचे म्हणून नोंदलेले तीन चित्ते १९४७ मध्ये मध्य भारतातील कोरिया संस्थानात रात्रीच मारले गेले व १९५२ मध्ये ही जात भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात काही प्राण्यांसाठी शिकारपरवान्याची तरतूद उरली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हापासून हौसेची शिकार हा भारतात गुन्हा आहे. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे व रोही यांच्या बाबतीत वन विभागाच्या परवानगीने अपवाद होऊ शकतो, आणि हिंगोली जिल्ह्यातील सोयाबीन व तुरीच्या शेतकऱ्यांना तो प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. दोन-अडीचशे किलोग्रॅम भरणाऱ्या रोह्यावर पक्षी मारण्याचे छर्रे झाडणे म्हणजे त्याला आठवडाभर कुजत मरू देणे होय; कॅलिबरचा जुना प्रश्न तेथे तसाच शिल्लक आहे.

पैनगंगेच्या उजव्या तीरावरून वाघ नाहीसा होऊन बराच काळ लोटल्यावर, २०१९ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर वाघ नांदेड, हिंगोली, वाशिम या जिल्ह्यांतील शेतांमधून आणि नाल्यांमधून बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. हा प्रवास १,३०० किमी. हून अधिक होता व तो गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे नोंदला गेला. असा पट्टा बसविण्यासाठी वाघाला बेशुद्ध करावे लागते. त्यासाठी औषधाने भरलेली पिचकारीसारखी सुई वायूच्या दाबाने फेकणारी बंदूक वापरतात. तिचे कॅलिबर बहुधा ११ किंवा १३ मिमी. असते. सुई जड व वेग थोडा असल्याने ती वीस ते पन्नास मीटरांवरून, मांडीच्या किंवा खांद्याच्या स्नायूवरच मारावी लागते. वेग अधिक झाल्यास हाड मोडते आणि अंतर अधिक झाल्यास सुई भलतीकडेच लागते.